मागचा दिवा कोणासाठी?

माझ्या सासऱ्यांनी मुलगी देण्याआधी मला विचारलं होतं, "आपण करता काय?"

मी म्हणालो, "सायकलच्या दुकानात आहे. दिव्यांचं काम माझ्याकडे."

ते रेल्वेत हेडक्लार्क होते. हातातल्या सुपारीकडे बघत त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे टायर, ट्यूब, सीट, चेन हे सगळं दुसऱ्यांकडे?"

"हो."

"आणि तुमच्याकडे नुसते दिवे?"

"हो."

त्यांनी सुपारी तोंडात टाकून विषय संपवला. लग्न झालं ते केवळ मुलीच्या हट्टामुळे. ती आईला म्हणाली होती, "हा माणूस निदान फुशारकी तरी मारत नाही." त्यानंतर चाळीस वर्षं मी सायकलचे दिवे विकले, आणि सासरेबुवा शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिले की जावई इलेक्ट्रिकच्या लायनीत आहे.

ही गोष्ट मध्य भारत नावाचं राज्य होतं त्या वर्षांतली. होळकरांचं संस्थान नुकतंच विलीन झालेलं. सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला राहायचं, त्यामुळे निम्मं शहर सहा महिने सामान बांधत असायचं नि सहा महिने सोडत असायचं. आमचं दुकान इंदूरच्या स्नेहलतागंजात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याला. मालक गुलाबसेठ. गल्ल्यावर बसून ते जगाला एकच सल्ला देत, "भिया, जो महँगा है वो ले जाओ." बाकीचा सल्ला द्यायचं काम माझं.

सायकलच्या दिव्यात निवडायचं काय, असं वाटेल कोणालाही. तेव्हा मात्र चार तऱ्हा होत्या. पहिला रॉकेलचा. छोटी वात, पुढे भिंग. उजेड देवघरातल्या निरांजनाइतका. खड्ड्यात चाक गेलं की विझणार, मग माणूस खाली उतरून काडेपेटी शोधणार. दुसरा कार्बाइडचा. खालच्या डबीत कार्बाइडचे खडे, वरच्या डबीत पाणी, मध्ये बारीक तोटी. पाणी थेंब थेंब खड्यांवर पडलं की गॅस होतो, तो पेटवायचा. उजेड पांढराशुभ्र, झकास, पण सडक्या लसणासारखा वास आणि सारखं फुसफुसणं. तिसरा सेलचा, म्हणजे हँडलला अडकवलेली टॉर्चच. सेल नवे असेपर्यंत राजा. चौथा डायनमो. टायरला घासून फिरणारी बाटली, पाय मारा नि उजेड घ्या. सेल नको, तेल नको. फक्त पायांना ओझं होतं, आणि सायकल थांबली की दिवाही थांबतो.

गिऱ्हाईक आलं की मी दिवा दाखवायच्या आधी विचारायचो, जाता कुठून? कारण दिव्याची कामं दोन. एक, आपल्याला रस्ता दिसावा. दुसरं, आपण दुसऱ्याला दिसावं. ज्याचा सगळा रस्ता म्युनिसिपालटीच्या खांबांखालून जातो त्याला फक्त दिसायचं असतं, त्याला कशाला मोठा दिवा? आणि जो सांवेर रोडनं गावाकडे जातो त्याला खड्डा, बैल आणि बैलगाडी तिन्ही दिसायला हवं. हे इतकं सोपं आहे, पण लोकांना ते पटायचं नाही. लोक दिवा घ्यायचे तो शेजाऱ्यानं घेतला त्याच्यापेक्षा मोठा. आमच्याकडचे एक वकील दिवा इतका वर तोंड करून लावायचे की झाडांवरचे कावळे जागे होत. मी एकदा म्हणालो, "साहेब, थोडा खाली करू का?" ते म्हणाले, "खाली काय आहे बघण्यासारखं?"

दिवा नसेल तर चौराह्यावरचा हवालदार चालान करायचा. म्हणून दिवेलागणीला चौराहा आला की अर्धं इंदूर सायकलवरून खाली उतरायचं, हातात धरून शांतपणे चालत जायचं आणि पलीकडे पोचलं की पुन्हा चढायचं. हवालदार बघत असायचा. एकदा तो मला म्हणाला, "वसंत भिया, ये शहर पैदल बहुत चलता है."

असो. मला सांगायची आहे ती दोन गिऱ्हाइकांची गोष्ट.

पहिले रिसालदार जगदाळे. होळकर सरकारच्या रिसाल्यात उभी हयात घोड्यावर गेलेली. पागोटं कायम तिरपं, मिशा कायम सरळ. विलीनीकरणात रिसाला गेला, घोडा गेला, आणि रिसालदारसाहेब एका मिलच्या कापसाच्या गोदामावर पहारेकऱ्यांचे मुख्य झाले. गोदाम परदेशीपुऱ्याच्या अंगाला, घर आमच्या दुकानामागच्या गल्लीत. टांगा रोज कुठे परवडणार, म्हणून त्यांनी पन्नाशी उलटल्यावर सायकल शिकून घेतली. चढताना ते अजून डावा पाय रिकिबीत टाकल्यासारखा टाकायचे आणि थांबताना हँडल अंगाकडे खेचायचे.

दसऱ्याच्या सुमाराला दिवस लहान व्हायला लागला तेव्हा ते दुकानात आले.

"वसंता, दिवा दे. ड्यूटीवरून परतताना अंधार पडतो."

मी रस्ता विचारला. निम्म्या रस्त्यात खांब नव्हते. मी सेलचा दिला. चार दिवसांनी परत. "उजेड नाही याला." मी सेल बदलून पाहिले, मागच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन भिंतीवर पाडून पाहिला. भिंतीवरची पाल पळाली इतका उजेड. तरी बदलून कार्बाइडचा दिला.

तोही परत आला. "उजेड म्हणशील तर नाहीच, वर हा वास. घोड्यानं पाऊल टाकलं नसतं एवढ्या वासात."

गुलाबसेठ गल्ल्यावरून म्हणाले, "साहब को डायनमो दो, सबसे बड़ा."

सगळ्यात मोठा डायनमो लावला. पुढचा दिवा असा की त्यासमोर उभं राहून हजामत करावी. मी स्वतः संध्याकाळी सायकल फिरवून आलो, लांबचा दगडन् दगड मोजता येत होता. रिसालदारसाहेब दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. पाटावर बसले, चहा घेतला, आणि म्हणाले, "दिवा ठीक आहे रे. रस्ता दिसत नाही."

मी गुलाबसेठांकडे पाहिलं. त्यांनी हात झटकले, कारण याहून महाग काही दुकानात नव्हतं.

मग मधेच एक दिवस त्यांची तक्रार बंद झाली. दुकानावरून जाताना स्वतःहून हात वर करून म्हणाले, "फर्स्टक्लास आहे दिवा! काही बोलायचं नाही." मला बरं वाटलं. थोडी शंकाही आली, कारण मधे मी त्या दिव्याला हातसुद्धा लावला नव्हता.

दुसरं गिऱ्हाईक सुशीलाबाई. मुलींच्या शाळेत शिकवायच्या. वय माझ्याच आसपासचं, लग्न केलेलं नव्हतं. घरी थोरले भाऊ, सगळे त्यांना दादा म्हणत, सचिवालयात नोकरीला. बाईंनी परदेशीपुऱ्यात, एका चाळीच्या खोलीत, मिलमध्ये काम करणाऱ्या बायकांसाठी लिहावाचायचा वर्ग काढला होता. पाळी सुटली की बायका यायच्या, वर्ग संपेतो अंधार व्हायचा. त्या काळात इंदुरात सायकलवरून जाणारी बाई हा लोकांच्या बघण्याचा विषय होता. अंधारात जाणारी असली की बोलण्याचाही.

त्यांनी दिवा घेतला तेव्हाची मागणी माझ्या अजून लक्षात आहे. म्हणाल्या, "वसंतभिया, असा दिवा द्या की मला रस्ता दिसला पाहिजे, पण मी कोणाला दिसायला नको."

मी म्हणालो, "बाई, असा दिवा अजून निघाला नाही. निघाला तर सगळ्यात आधी चोर घेऊन जातील."

त्या हसल्या. मग मी त्यांना डायनमो लावून दिला, पुढे पांढरा आणि मागे मडगार्डवर लाल. मागच्या दिव्याला त्या नको म्हणत होत्या. मी समजावलं, पुढच्या दिव्यानं तुम्ही खड्ड्यात पडत नाही, आणि मागच्या दिव्यानं दुसरा कोणी तुमच्यावर येऊन पडत नाही. दोन्ही हवेत.

दिवाळी झाली. थंडी पडली. एका सकाळी शाळेत जाता जाता सुशीलाबाई दुकानाशी उतरल्या. चेहरा ओढलेला. म्हणाल्या, "हा मागचा लाल दिवा काढून टाका."

"का हो? खराब झाला का?"

"खराब नाही. काढा म्हणते ना."

मी पाना हातात घेतला, पण लावला नाही. मग त्या हळूच सांगायला लागल्या. महिनाभर झाला, वर्ग सुटला की त्यांच्या मागे कोणीतरी सायकलवर लागत होतं. दिवा लावलेला नाही, घंटी नाही, बोलणं नाही. त्या जोरात निघाल्या की तोही जोरात. हळू झाल्या की तोही हळू. त्या थांबल्या की मागे ब्रेक लागल्याचा आवाज, आणि मग सगळं शांत. स्नेहलतागंजाचे खांब सुरू झाले की गायब. वर्गातल्या एका बाईनं ते पाहिलं, तिनं दुसरीला सांगितलं, होता होता दादांच्या कानावर गेलं.

"दादा सरकारबरोबर ग्वाल्हेरला निघालेत. म्हणतात, मी जायच्या आत वर्ग बंद कर. मी तिकडे नि तू इथे एकटी, मला झोप लागणार नाही."

"मग?"

"मग काय? सोळा बायका आहेत हो वर्गात. गेंदाबाई परवा पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहून रडली. त्यांना काय सांगू, की मला भीती वाटते म्हणून तुम्ही अंगठाच लावा?" त्यांचा आवाज चढला. "काल मी चिडून एक केलं. चालत्या सायकलवर पाय मागे नेऊन डायनमो टायरवरून उचलला. दोन्ही दिवे बंद. आणि तशीच अंधारात पुढे गेले. मागे धाडकन आवाज झाला, कोणीतरी पडलं. नालीत बहुतेक. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हटलं, बरं झालं मेल्याला!"

"ओरडला काही?"

"ओरडला ना. 'जय मल्हार' म्हणाला."

मी पाना खाली ठेवला.

कारण 'जय मल्हार' ही होळकरांच्या रिसाल्याची आरोळी, आणि त्याच सकाळी, दुकान उघडताना, रिसालदार जगदाळे आपली सायकल ढकलत आले होते. मडगार्ड वाकलेलं, हनुवटीला पट्टी, एका मिशीचं टोक चिखलानं चिकटलेलं. म्हणाले होते, "कुत्रं आडवं आलं." सायकल माझ्याकडे सोडून ते पायीच ड्यूटीवर गेले होते, ती आत उभीच होती. बाईंना म्हटलं, "दिवा आजच्या दिवस राहू द्या. वर्गाला सुट्टी द्या आज. उद्या सकाळी या, मी काहीतरी करतो." त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं, पण गेल्या.

मी आत जाऊन रिसालदारांची सायकल पाहिली. डायनमो टायरला घासला की टायरच्या कडेवर एक गुळगुळीत पट्टा पडतो, रोजच्या वापराला तर लख्ख दिसतो. इथे टायर नव्यासारखा कोरा. फर्स्टक्लास दिवा साहेबांनी पहिल्या दिवसानंतर चालूच केला नव्हता.

आता पंचाईत अशी होती की माणूस कोण ते मला कळलं होतं, पण हेतू कळत नव्हता. रिसालदारसाहेबांना मी लहानपणापासून बघत होतो. बाईमाणूस समोरून आलं तर नजर खाली घालून रस्ता देणारा माणूस. तो हे करील? आणि करत असेल तर ते त्यांना विचारायचं कोणी?

विचारलं मीच. दुपारी गोदामावर गेलो. साहेब फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. मी मडगार्डापासून सुरुवात केली, मग टायरवर आलो.

"साहेब, डायनमो तुम्ही लावतच नाही."

"लावला की सायकल जड होते. पायाला ओढ लागते."

"ती लागतेच. पण मग अंधारात जाता कसे?"

ते इकडेतिकडे बघायला लागले. पहारेकरी लांब होते. साहेबांनी मला खुर्चीजवळ ओढलं.

"कोणाला बोलशील तर बघ. घरीसुद्धा माहीत नाही." मग आवाज आणखी खाली आला. "सूर्य बुडाला की मला दिसत नाही, वसंता. कांबळं टाकल्यासारखं होतं डोळ्यांवर. किती दिवस होतंय हे, मलाच ठाऊक नाही. घोड्यावर होतो तोवर घोड्याचे डोळे दोघांना पुरत होते. तो नीट घरी आणायचा, मला वाटायचं मीच आणतोय. सायकलवर बसलो तेव्हा कळलं."

मी त्यांच्या खुर्चीशी उकिडवा बसलो.

"तुझे दिवे चांगले होते रे. मी उगाच नावं ठेवली. पण मी बोलणार काय? पहाऱ्यावरच्या माणसाला संध्याकाळनंतर दिसत नाही, हे मिलवाल्यांना कळलं तर ठेवतील का?"

"आणि आता कसे जाता?"

साहेबांचा चेहरा जरा खुलला. "एक युक्ती सापडली. उजेड पडलेला रस्ता दिसत नाही, पण ठिणगी दिसते. दूरचा विडीचा निखारासुद्धा दिसतो. इथून रोज एक सायकलवाला जातो, मागे लाल दिवा लावून. मोठा शहाणा माणूस. सरळ जातो, खड्डा चुकवतो, वळणावर हळू होतो. मी फाटकाशी उभा राहतो, लाल ठिपका गेला की त्याच्यावर नजर लावायची नि मागे निघायचं. थेट आपल्या गल्लीपर्यंत. म्हणून तर डायनमो लावत नाही, सायकल जड झाली की मी मागे पडतो आणि ठिपका हातचा जातो. काल मात्र काय झालं कोण जाणे, त्याचा दिवाच गेला. तार सुटली असणार. तुझंच काम असेल, नीट बसवत जा."

मी म्हणालो, "साहेब, तो सायकलवाला नाही. ती बाई आहे."

"कोण बाई?"

"सुशीलाबाई. शाळेत शिकवतात त्या. आणि महिनाभर त्यांना वाटतंय की कोणी गुंडा मागे लागलाय."

मी माणसं रागानं लाल झालेली पाहिली आहेत, पण शरमेनं अशी नाही. साहेब उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. शेवटी बसून पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. "बाई?" एवढंच ते दोनदा म्हणाले. "अरे, मला फक्त ठिपका दिसतो रे. ठिपक्याला साडी असते का धोतर, मला काय कळणार?"

वर्ग बंद पडतोय, हेही मी सांगितलं. त्यावर त्यांनी पागोटं पुन्हा डोक्यावर घातलं. म्हणाले, "उद्या सकाळी येणार म्हणालास ना त्या? मी येतो."

त्या संध्याकाळी त्यांना मीच घरी आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर रिसालदारसाहेब आधीच बाहेर उभे. पूर्ण पोशाखात. बंद गळ्याचा कोट, छातीवर बिल्ले, कमरेला पट्टा, आणि या सगळ्यावर हनुवटीची पट्टी. गुलाबसेठ मला आत घेऊन म्हणाले, "भिया, कोई राजा आ रिया है क्या?"

सुशीलाबाई आल्या. साहेबांनी टाचा जुळवल्या नि खणखणीत सलाम ठोकला. रस्त्यावरचे दोन टांगे थांबले.

"बाई, मी रिसालदार जगदाळे. महिनाभर आपल्या मागे येणारा माणूस मी."

बाई एक पाऊल मागे सरकल्या. मग साहेबांनी सगळं सांगितलं. डोळे, घोडा, लाल ठिपका. रस्त्यावर उभं राहून, आवाज न उतरवता. घरी लपवलेली गोष्ट अख्ख्या स्नेहलतागंजानं ऐकली. शेवटी म्हणाले, "आजपासून माझी सावली आपल्या रस्त्यावर पडणार नाही. आणि आपल्या दादांना मी स्वतः जाऊन सांगतो, दोष माझा. वर्ग बंद करू नका."

मला वाटलं बाई विरघळतील. छे! त्या उसळल्या. "रिसालदारसाहेब, महिनाभर मी जीव मुठीत धरून घरी आले. रोज. तुम्हाला एक हाक नाही मारता आली? अहो सायकलवाले, जरा थांबा, एवढंच? मी थांबले नसते का?"

साहेब खाली मान घालून म्हणाले, "हाक मारायची सवय नाही बाई. हुकमाची आहे."

यावर बाईंना हसू आवरेना. राग होताच, पण हसूही आलं, आणि ते दोन्ही एकदम आल्यावर त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. पदरानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आणि आजपासून तुम्ही येणार कशानं? दुसरा ठिपका शोधलाय का?"

साहेब छातीवरचे बिल्ले सारखे करायला लागले.

"मग ऐका. माझ्या मागेच यायचं. पण घंटी वाजवत यायचं, म्हणजे तुम्ही आहात हे मला कळेल. आणि ड्यूटी संपल्यावर फाटकाशी नाही उभं राहायचं. वर्गाच्या दाराशी येऊन बसायचं, सगळ्यांच्या देखत. आणि डॉक्टरांना डोळे दाखवायचे."

"हुकूम," साहेब म्हणाले.

मग दोघेही माझ्याकडे वळले, आणि माझं काम सुरू झालं. बाईंच्या डायनमोचा दोष असा की त्या थांबल्या की मागचा दिवाही जायचा, आणि रिसालदारसाहेब भर रस्त्यात आंधळे व्हायचे. म्हणून मागे मी सेलवरचा वेगळा लाल दिवा बसवला, थांबलं तरी जळत राहणारा. त्याची काच मोठी निवडली, आणि दिवा नेहमीपेक्षा थोडा उंच, करिअरवर लावला, मागच्या माणसाच्या नजरेच्या रेषेत. पुढे बघणाऱ्यासाठी दिवा निवडणं सोपं असतं. मागून येणाऱ्यासाठी निवडायची माझी ती पहिली वेळ. साहेबांना मी हलका, लहान डायनमो लावून दिला, त्यांना दिसावं म्हणून नाही, ते इतरांना दिसावेत म्हणून. त्यांचा तो सगळ्यात मोठा डायनमो गुलाबसेठांनी जड मनानं परत घेतला.

दादांकडे साहेब त्याच पोशाखात गेले. दादा सामान बांधत होते. त्यांचं काय बोलणं झालं ते मला बाईंनी नंतर सांगितलं. दादा म्हणाले, "पण रिसालदारसाहेब, आपल्याला तर दिसत नाही, आपण सोबत काय करणार?" साहेब म्हणाले, "मला दिसत नाही हे आपल्याला माहीत आहे. गुंडाला कुठे माहीत आहे?" दादा ग्वाल्हेरला गेले आणि तिथे त्यांना झोपही लागली म्हणतात.

डॉक्टरांनी मात्र हात टेकले. औषध नाही म्हणाले, अंधारात सांभाळून राहा. साहेबांनी मग स्वतःच मिलच्या मॅनेजरला जाऊन सांगितलं. नोकरी गेली नाही, पण मुख्यपण गेलं. दिवसाचं फाटक तेवढं राहिलं. ते त्यांना लागलं. महिनाभर पागोटं सरळ बांधत होते.

पुढे काही वर्षं इंदुरातल्या त्या रस्त्यानं हे दृश्य पाहिलं. पुढे सुशीलाबाई, मागे ताठ बसलेले रिसालदार, आणि सबंध वाटभर घंटी. सुरुवातीला लोक हसले. चौराह्यावरचा हवालदार जुना लष्करातलाच, तो दोघांना सलाम करायचा. वर्गाच्या दाराशी बसून बसून साहेबांना तिथल्या बायका ओळखायला लागल्या. गेंदाबाई त्यांच्या मिशांची थट्टा करायची, "साब, एक मूँछ हमको दे दो, झाड़ू बनाएँगे." साहेब रागावल्यासारखं करायचे. कोणी धडा अडखळत वाचला तर बाहेरून "पुन्हा!" म्हणून ओरडायचे, कवायतीला ओरडावं तसं. बाई म्हणायच्या, त्यामुळे वर्ग लवकर वाचायला शिकला. मला वाटतं, भीतीनं.

मग मध्य भारतच संपलं. भोपाळ राजधानी झाली, सचिवालयाची माणसं बिस्तरा बांधून तिकडे निघाली, या वेळी परत न येण्यासाठी. दादांबरोबर सुशीलाबाईंनीही भोपाळच्या शाळेत नोकरी धरली. निघायच्या आधी सायकल तपासून घ्यायला आल्या. मी तारा, बल्ब, सगळं पाहिलं. त्या म्हणाल्या, "रिसालदारांचं कसं होणार हो?" मी म्हटलं, "ते म्हणतात नोकरी सोडतो. वय झालंय तसंही." त्यांनी मागचा लाल दिवा एकदा लावून पाहिला. वर्ग दुसऱ्या बाई घेणार होत्या, पण त्या टांग्यानं यायच्या, आणि त्यांच्या टांग्याला मागे दिवा नव्हता.

बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. अंधार पडला. साहेबांची वेळ टळली. मी सायकल काढून त्यांना आणायला निघणार, इतक्यात रस्त्याच्या टोकाला कंदील दिसला. त्यामागे बायकांचा घोळका, मोठमोठ्यानं बोलणारा. वर्गातल्या काही बायका स्टेशनपलीकडच्या वस्तीत राहायच्या, त्या रोज याच रस्त्यानं पायी घरी जात. सगळ्यात पुढे कंदील घेऊन गेंदाबाई. मधोमध, सायकल हातात धरून, रिसालदारसाहेब. एकीनं सायकलचं करिअर धरलं होतं आणि खड्डा आला की ती हळूच बाजूला ओढत होती.

दुकानाशी आल्यावर गेंदाबाई मला म्हणाली, "बैनजी बोल के गई हैं, साब को अकेले मत छोड़ना."

माझा आवाज ऐकून साहेबांनी मान इकडे वळवली. पागोटं तिरपं होतं.

"काय रे वसंता, उभा का असा?" ते दरडावून म्हणाले. "अंधार किती झालाय बघ. बायामाणसांना एकटं कसं जाऊ द्यायचं?"